दोन खुर्च्या आणि मधली हवा

समुपदेशकाच्या खोलीत फारसे सामान नसते. दोन खुर्च्या, एखादे टेबल, पाण्याचा तांब्या आणि बंद दार. तिथे जे काही घडते ते बोलण्यातून, ऐकण्यातून आणि मधूनमधून गप्प बसण्यातून. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ची जागतिक साथ जाहीर झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि इतर अनेक खोल्यांबरोबर ही खोलीही बंद पडली. पुढे प्रश्न आला तो ती पुन्हा उघडण्याचा. साथ चालू असताना दोन माणसांनी एका खोलीत तासभर समोरासमोर बसून बोलावे का? बोलायचे तर कसे?

हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग भौतिकशास्त्राचा आणि शाळेतल्या अंकगणिताचा आहे. म्हणूनच तो या पानांवर मांडत आहोत.

फोनवर का भागत नाही?

टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बंगळुरूची 'निमहान्स' आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटना यांनी फोनवरून व पडद्यावरून मानसोपचार कसे करावेत यासाठी वेगळी तत्त्वे तयार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा सुरू झाली. या सोयींनी पुष्कळांना आधार दिला, यात शंका नाही.

पण सगळ्यांना नाही. दोन खोल्यांच्या घरात ज्या माणसाविषयी बोलायचे, तोच माणूस दोन हातांवर बसलेला असेल तर बोलणार काय? २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे येणाऱ्या कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. अशा स्त्रीसाठी घरातला फोन हा सुरक्षित मार्ग नव्हता. तोतरे बोलणाऱ्या मुलाला ओठांची आणि जिभेची हालचाल समोर पाहावी लागते. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना पडद्यावरचा माणूस माणूस वाटतच नाही. म्हणजे खोली बंद ठेवण्यालाही किंमत होती, आणि ती काही लोकच मोजत होते. त्यामुळे 'धोका आहे, म्हणून बंद' एवढे उत्तर पुरेसे नव्हते. धोका किती, आणि तो कशाने कमी होतो, हे सांगणे आवश्यक होते.

तुषार किती वेळ तरंगतो?

बोलताना आपल्या तोंडातून असंख्य तुषार बाहेर पडतात. आवाज चढला की त्यांची संख्या वाढते. त्यांचे आकार वेगवेगळे असतात आणि सगळा खेळ आकारावर अवलंबून असतो. लहान गोल कण हवेतून ज्या स्थिर वेगाने खाली येतो, तो वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. त्यावरून हिशेब करू. बसलेल्या माणसाचे तोंड साधारण सव्वा मीटर आणि उभ्या माणसाचे दीड मीटर उंचीवर असते. आपण दीड मीटर धरू. १०० मायक्रॉन व्यासाचा थेंब एवढी उंची पाच-सहा सेकंदांत उतरतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ मिनिटे लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्धा तास आणि १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांहून अधिक. तेही हवा अगदी निश्चल असेल तर. खऱ्या खोलीतली हवा कधीच निश्चल नसते. त्यामुळे सूक्ष्म कण खाली बसण्याऐवजी धुरासारखे खोलीभर पसरतात.

साथीच्या आरंभी भर होता तो हात धुण्यावर आणि अंतर ठेवण्यावर. मोठे थेंब एक-दोन मीटरांत खाली पडतात, या समजावर तो आधारलेला होता. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगितले. परंतु त्याआधीच, १० मार्चला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यात एका गायकवृंदाची तालीम झाली होती. अडीच तासांच्या त्या तालमीला आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जणांना आजार झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघे दगावले. एवढ्या लोकांना एका माणसाच्या मोठ्या थेंबांनी गाठले असेल, हे पटण्यासारखे नव्हते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाची दखल घ्या, असे जाहीर आवाहन केले. २०२१ च्या एप्रिलअखेर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो मार्ग मान्य केला. मे २०२१ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खेळत्या हवेवर भर देणारी सूचनापत्रिका काढली.

समुपदेशनाच्या खोलीसाठी याचा अर्थ स्पष्ट होता. खुर्ची पुसून काढणे वाईट नाही. पण खरी काळजी खुर्चीची नसून हवेची आहे.

हौदाचे गणित

एका नळाने हौद भरतो आणि दुसऱ्याने रिकामा होतो, असली गणिते आपण सगळ्यांनी सोडवली आहेत. खोली हा तसाच हौद आहे. संसर्ग झालेल्या माणसाचा श्वास हा भरणारा नळ, आणि खिडकीतून बाहेर जाणारी हवा हा रिकामा करणारा.

तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्यात २७ घनमीटर हवा मावते. एका तासात २७ घनमीटर बाहेरची हवा आत आली, तर त्याला ताशी एक हवाबदल म्हणतात. मात्र एका हवाबदलाने जुनी हवा सगळी जाते, असे समजू नका. येणारी हवा जुन्या हवेत मिसळते आणि मिश्रण बाहेर पडते. म्हणून एका हवाबदलानंतर जुन्या हवेचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो, दोनांनंतर १४ टक्के आणि तिनांनंतर ५ टक्के.

दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत फटींतून ताशी अर्धा हवाबदल होतो असे धरू. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर ताशी सहा सहज होऊ शकतात. पहिल्या खोलीला 'कोंदट' आणि दुसरीला 'खेळती' म्हणू. दोन्ही खोल्यांत एक बाधित माणूस समुपदेशकाशी तासभर बोलला. सुरुवातीला हवा स्वच्छ होती. हिशेब केला तर कोंदट खोलीतल्या समुपदेशकाच्या छातीत खेळत्या खोलीतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट विषाणू जातात.

असे हिशेब साथीच्या काळात प्रथमच झाले असे नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात हे वेल्स आणि रायली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात सिद्ध करायला घेतले. क्षयरुग्णांच्या कक्षातली हवा नळीने वर नेऊन त्यांनी ती गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली, आणि ते प्राणी रुग्णांच्या जवळही न जाता आजारी पडले. पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत गोवर पसरला. त्याच्या अभ्यासातून १९७८ मध्ये खोली, वेळ आणि हवा यांची सांगड घालणारे सूत्र पुढे आले. हवेतल्या संसर्गाचे गणित अशा रीतीने शाळेच्या वर्गातूनच आले आहे.

नंतर येणारा माणूस

आता खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. पहिला माणूस उठून गेला. दहा मिनिटांनी दुसरा आला आणि त्याच खुर्चीत तासभर बसला. समुपदेशक निरोगी आहे, दुसरा माणूसही निरोगी आहे. दुसऱ्याने पहिल्याला पाहिलेसुद्धा नाही. त्याला धोका किती?

कोंदट खोलीत केवळ हवाबदलाचा विचार केला, तर त्याच्या वाट्याला येणारी मात्रा पहिल्या तासात समुपदेशकाला मिळालेल्या मात्रेपेक्षाही एकतृतीयांशाने अधिक भरते! कारण पहिला तास सुरू झाला तेव्हा हौद रिकामा होता; दुसरा सुरू झाला तेव्हा तो भरलेला होता. अर्थात विषाणू हवेत कायम टिकत नाहीत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या विषाणूचा हवेतला अर्धायुकाल सुमारे एक तास आढळला, आणि काही कण खालीही बसतात. हे धरले तरी दुसऱ्या माणसाची मात्रा पहिल्या तासातल्या समुपदेशकाच्या मात्रेच्या सुमारे दोनतृतीयांश राहते. खेळत्या खोलीत मात्र ती पाच-सात टक्क्यांवर येते. मधली सुट्टी दहाऐवजी अर्ध्या तासाची ठेवली तर तीही आणखी घटून टक्क्याच्या आसपास उतरते.

दोन भेटींमधली खिडक्या उघड्या ठेवलेली अर्ध्या तासाची सुट्टी हा एक पैसाही न लागणारा उपाय आहे. दुर्दैवाने या वेळात पुष्कळ ठिकाणी खिडक्या बंद ठेवून खुर्च्याच पुसल्या जात.

पण दार तर बंद हवे!

इथे समुपदेशनाची आणि आरोग्याची गरज एकमेकींच्या आड येतात. एक तासाची भेट, बंद दार, शांतता आणि उघडा चेहरा या समुपदेशनाच्या चार गरजा. विषाणूलाही नेमके हेच हवे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खिडकी उघडावी तर आवाज बाहेर जातो.

यातून वाट काढता येते. २७ घनमीटरच्या खोलीत ताशी सहा हवाबदल म्हणजे ताशी १६२ घनमीटर हवा. घरगुती एक्झॉस्ट पंख्याला हे काम जड नाही. फक्त दाराखाली हवा आत यायला फट हवी. पंख्याच्या घरघरीने आतले शब्द बाहेर ऐकू येत नाहीत, हा वरचा लाभ. छताचा पंखा मात्र आतलीच हवा ढवळतो. भिंतीवरचा सर्वसाधारण एसीसुद्धा आतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो, आणि त्याच्यासाठी आपण खिडक्या लावून घेतो. हेपा गाळणीचे यंत्र हवेतले सूक्ष्म कण अडवते, त्यामुळे जिथे खिडकीच नाही तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क मात्रा सुमारे दहापट कमी करू शकतो. पण चेहरा झाकला जातो. म्हणून हवा किती खेळती आहे, हे पाहून मास्कचा निर्णय घेणे शहाणपणाचे. वाचा-उपचारात ओठ दिसायलाच हवेत. तिथे आधी व्हरांडा, गच्ची, झाडाखालची बाके यांचा विचार करावा. दोघांमधला पारदर्शक पडदा थेट उडणारे थेंब अडवतो. तरंगणारे कण त्याला वळसा घालून जातात. अंतराचे महत्त्वही संपलेले नाही. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर कणांची दाटी सर्वांत जास्त असते, म्हणून दोन मीटरांवर आणि खुर्च्या थोड्या तिरक्या ठेवून बसावे. ताप-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. मात्र लक्षणे दिसण्याआधीही माणूस विषाणू सोडत असतो, म्हणून केवळ तपमान मोजून निर्धास्त होऊ नये. १६ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे लसीकरण सुरू झाले आणि गंभीर आजाराचा धोका पुष्कळ घटला. संसर्ग मात्र लशीने पूर्ण थांबला नाही, त्यामुळे खिडकीचे काम संपले नाही.

यांतला कोणताही उपाय एकटा पुरा पडत नाही. पण परिणाम एकमेकांनी गुणले जातात. एकाने धोका एकतृतीयांश झाला आणि दुसऱ्याने एकदशांश, तर दोन्ही मिळून तो तिसांश होतो.

वर्गात करून पाहा

विषाणू दिसत नाहीत; उच्छ्वास मात्र मोजता येतो. आपण सोडलेल्या हवेत सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत साधारण ४२० भाग असतो. बसून असलेला माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. वरच्या कोंदट खोलीत दोन माणसे तासभर बसली तर आकडा १४७० च्या आसपास जातो. खेळत्या खोलीत तो ६४० च्या पुढे जात नाही. काही हजार रुपयांत मिळणारा मापक शाळेने घेतला तर हा प्रयोग विद्यार्थी स्वतः करू शकतील. वर्ग भरण्यापूर्वी, तास संपताना आणि मधल्या सुट्टीनंतर नोंद घ्या, आलेख काढा, आणि खिडक्या उघड्या व बंद ठेवून दोन आलेखांची तुलना करा. रिकाम्या वर्गातल्या उतरत्या आलेखावरून ताशी हवाबदल किती, हे बारावीचा विद्यार्थी काढू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सुचवलेले माणशी सेकंदाला १० लिटर हवेचे प्रमाण पाळले, तर आकडा साधारण ९०० वर स्थिरावतो. मास्क किंवा गाळणी यांचा परिणाम या मापकात दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

मापक नसेल तर उदबत्ती चालेल. ती खिडकीपाशी, दारापाशी आणि खोलीच्या कोपऱ्यात धरून धूर कुठे जातो ते पाहा. वर्गात दम्याचे विद्यार्थी असतील तर हे काम रिकाम्या खोलीत करावे.

५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. पण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश आजही भारतात आहेत, आणि क्षयाचे जंतू याच वाटेने प्रवास करतात. शाळेतल्या समुपदेशकाला बहुधा जिन्याखालची, खिडकी नसलेली खोली मिळते, कारण 'नुसते तर बोलायचे आहे'. मन मोकळे करायला आलेल्या मुलाला निदान श्वास मोकळा घेता यावा. पुढच्या वर्षी खोल्यांचे वाटप करताना मुख्याध्यापकांनी आधी तिथे एक उदबत्ती लावून पाहावी.