टोकियोच्या ताटात (भाग ५) : सगळीकडे दाशी

जपानला निघालेल्या मराठी माणसाला हमखास विचारलं जातं, "तिकडे शाकाहारी मिळतं का रे?" टोकियोत भात, टोफू, वांगी, मुळा, नूडल्स सगळं समोर असतं. तरीही शुद्ध शाकाहाऱ्याची पंचाईत होते आणि तिचं कारण ताटात शोधून सापडत नाही. ते कारण म्हणजे दाशी.

कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ गार पाण्यात भिजवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्यायचं. मग कात्सुओबुशीचा कीस घालून मिनिटभरात गाळायचं. झाली दाशी तयार. कात्सुओबुशी करणं मात्र महिन्यांचं काम. ट्यूनाच्या जातीचा मासा उकडतात, काटे काढतात, पुन्हा पुन्हा धुरी देतात. उंची मालावर मुद्दाम बुरशी चढवून तो उन्हात वाळवतात. शेवटी इतका कडक ठोकळा होतो, की दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात. किसायचं अवजारही सुताराच्या रंध्यासारखं.

नुसती दाशी चाखायची तर निहोनबाशीला जा. १६९९ पासून कात्सुओबुशी विकणाऱ्या निनबेन पेढीने तिथल्या कोरेदो मुरोमाची इमारतीत 'दाशी बार' काढला आहे. कागदी पेल्यात फिकट सोनेरी, वाफाळती दाशी हातात येते. हवं तर चिमूटभर मीठ, दोन थेंब सोया सॉस. आधी धुराचा वास येतो, चव मागाहून कळते आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळते. ही पेढी याच भागात असणं साहजिकच. १९२३च्या भूकंपापर्यंत शहराचा मासळी बाजार निहोनबाशीतच भरत असे. पुढे तो त्सुकिजीला गेला आणि २०१८ मध्ये तोयोसूला.

या चवीचा छडा लावला तो टोकियोच्याच किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने. १९०८ मध्ये त्याने कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो म्हणून बाजारात आलं. आपल्या चायनीजच्या गाड्यांवर दिसतं तेच. कोंबूतलं ग्लुटामेट आणि माशातलं इनोसिनेट एकत्र आलं, की चव कैक पटींनी वाढते. म्हणून तर दाशीत दोन्ही हवीत.

आता पंचाईतीकडे वळू. मिसो सूपमध्ये दाशी, सोबा नूडल्सच्या रश्शात दाशी, शिजवलेल्या मुळ्यात दाशी. "मांस नको, मासे नको" असं बजावलं तरी वेटर मान डोलावतो आणि हेच आणून ठेवतो. तो फसवत नसतो. त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटातला तुकडा; दाशी हे स्वयंपाकाचं पाणी. म्हणून 'कात्सुओ दाशी' हे दोन शब्द कागदावर जपानीत लिहून घ्या आणि ती चालत नाही, असं स्पष्ट सांगा. भाज्यांचा टेम्पुरा सॉसऐवजी मिठाशी खाता येतो, पण पिठात बहुधा अंडं असतं आणि तेल अनेकदा कोळंबीचंच. काकडीची सुशी, काप्पामाकी, त्यातल्या त्यात बरी. निर्धास्त जेवायचं तर बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी. तिथे कोंबूच्या जोडीला वाळवलेले शिताके मशरूम घालतात आणि मासा नसल्याचं जाणवत नाही. खिशाला जड पडतं, पण टोकियोत एका जेवणावर पैसे उधळायचे असतील, तर माझं मत सुशीऐवजी यालाच.

मासे खाणाऱ्यांनी मात्र स्टेशनातल्या उभ्याने खायच्या सोबाच्या टपऱ्या चुकवू नयेत. यंत्रातून तिकीट काढा, ते गल्ल्यावर ठेवा. दोन मिनिटांत वाडगा समोर येतो. टोकियोचा रस्सा गडद, ओसाकाचा फिकट. हा भेद एवढा पक्का, की निस्सिन कंपनी 'दोनबेई' हे इन्स्टंट उदोन नूडल्स पूर्वेसाठी आणि पश्चिमेसाठी वेगवेगळ्या चवीचं विकते.

पुढच्या आठवड्यात डिपार्टमेंट स्टोअरांच्या तळघरातल्या खाद्यबाजारात उतरू. त्याआधीच कुणी टोकियोला पोचलं, तर तिथे दुकान बंद व्हायच्या तासभर आधी जा. डब्यांवर सवलतीची लेबलं तेव्हाच लागतात.