जुन्या यंत्रखेळांचा पुनर्जन्म

गिरगांवांत एखादें जुनें संगीत नाटक पुन्हा लागलें आणि नटानें विलंबित पदें घाईनें उरकलीं, तर रसिक म्हणतील, ‘हें तें नाटक नव्हे.’ जुने जपानी यंत्रखेळ पुन्हा प्रसिद्ध करतांना हाच प्रश्न उभा राहतो.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणें टाकून खेळावयाचा खेळ तोमोहिरो निशिकादो यांनीं रचिला व टायटो कंपनीनें १९७८ सालीं बाजारांत आणिला. त्यांत ११-११ च्या ५ रांगांनीं ५५ आक्रमक खालीं उतरतात. ते जसजसे कमी होतात, तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवतात. ही मूळ योजना नव्हती. त्या काळच्या मंद यंत्राला इतकीं चित्रें हलवितांना दम लागे. चित्रें घटलीं कीं काम हलकें होई. निशिकादो यांनीं हा दोष तसाच राहूं दिला, आणि खेळाला रंग चढला.

२०२० सालीं या खेळाच्या आवृत्त्यांचा संग्रह जपानांत घरगुती यंत्रासाठीं निघाला. आजचें यंत्र फार चपळ. म्हणून त्याच्याकडून जुन्या मंदपणाची नक्कल मुद्दाम करून घ्यावी लागते. परळच्या घरांत बाप आपला आवडता खेळ मुलास दाखवील, तेव्हां शेवटच्या एकट्या आक्रमकाची तीच धांवपळ दिसली पाहिजे.