'अलबेला'च्या बँडमधला ट्रम्पेटवाला: कोण होते चिक चॉकलेट?

चिखलीत वरात निघाली आणि बँडवाल्यांनी 'भोली सूरत' धरलं, की पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे भगवानदादा होतात. खांदे हलवत तीच ती संथ स्टेप. मध्ये डीजे आला, तरी हे गाणं काही हललं नाही.

'अलबेला' आला 1951 मध्ये. भगवानदादा आपल्याला माहीत आहेत. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हेही मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण या सिनेमाच्या संगीतात त्यांच्या हाताशी एक गोव्याचा माणूस होता, जो रात्री ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा. त्याचं नाव वरातीत नाचणाऱ्या कुणालाच ठाऊक नसतं.

ते नाव म्हणजे चिक चॉकलेट.

अर्थात हे बँडमधलं नाव. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव बार्देश तालुक्यातलं हळदोणे. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवलं जायचं. कागदावरची नोटेशन वाचून वाजवता येणं, हे त्या शाळांनी गोव्याच्या पोरांना दिलेलं सगळ्यात मोठं भांडवल. गावात काम नव्हतं, मुंबईत होतं. मग वाद्य घेऊन मुंबई गाठायची, आपल्या गावाच्या 'कुडी'त, म्हणजे गाववाल्यांनी मिळून चालवलेल्या खोलीत, पथारी टाकायची आणि हॉटेलच्या बँडमध्ये काम शोधायचं.

पण मुंबईत जॅझ आलं कुठून?

थेट अमेरिकेतून. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय बँडलीडर आपला ताफा घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड असे एकेक जण आले. त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून गोव्याचे वादक जॅझ शिकले.

जॅझ म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगणं अवघड आहे. पण आपल्याकडे तबल्याचा ठेका चालू असतो आणि गवई त्यावर त्या क्षणी सुचेल तशी तान घेतो ना, साधारण तसंच. गाण्याची चाल ठरलेली, मधली जागा मात्र वादकाची. कागद वाचून वाजवणाऱ्या पोरांना कागद सोडून वाजवायला या संगीतानं शिकवलं.

चिक त्यात इतके मुरले की लोक त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. त्यांनी स्वतःचा बँड उभा केला आणि ताजमध्ये नाव काढलं.

मग हे सिनेमात कसे आले?

सिनेमाच्या गाण्यांना चाळीसच्या दशकात मोठा वाद्यवृंद लागायला लागला होता. इथे अडचण अशी होती, की चाल बांधणारे बरेचसे संगीतकार आपल्या शास्त्रीय संगीतात तयार झालेले. पंधरा व्हायोलिन, चार ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन एकाच वेळी काय वाजवतील, हे कागदावर लिहायला वेगळा माणूस हवा. तो माणूस म्हणजे अरेंजर, आणि तो बहुतेक वेळा गोव्याचा असायचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा होते, तसे सी. रामचंद्रांकडे चिक. त्यात 1949 साली मुंबईत दारूबंदीचा कायदा झाला, हॉटेलांतल्या नाचगाण्याच्या रात्रींना उतरती कळा लागली आणि स्टुडिओचं काम वादकांसाठी आणखीच मोलाचं झालं.

हॉटेलात वाजणाऱ्या चाली मग स्टुडिओत शिरल्या. 1950 च्या 'समाधी'मधलं 'गोरे गोरे' आठवा, त्याची चाल एका लॅटिन नाचाच्या गाण्यावर बेतलेली आहे. 1957 च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' तर रॉक अँड रोलच्या वळणाचं. त्यात 'माका नाका' असे जे निरर्थक वाटणारे शब्द येतात, ते निरर्थक नाहीत बरं का. ती कोकणी आहे: 'मला नको'. सी. रामचंद्रांचे दुसरे गोवेकर सहाय्यक जॉन गोम्स यांनी ते घुसवले, असा किस्सा सांगितला जातो.

श्रेयाचं काय?

इथे जरा थांबूया. सोशल मीडियावर हा विषय निघाला की 'खरं संगीत गोव्याच्या वादकांचं, नाव भलत्याचंच' अशा पोस्ट फिरतात. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. चाल सी. रामचंद्रांची होती आणि त्या चाली काय ताकदीच्या होत्या, हे वेगळं सांगायला नको. पण चाल म्हणजे अख्खं गाणं नाही. गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा, दोन कडव्यांमधला तुकडा, पितळी वाद्यांचा तो जोर, हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. पडद्यावर संगीतकाराचं नाव यायचं, क्वचित सहाय्यकाचं. वादकांचं नाहीच. रेकॉर्डिंग झालं, त्या दिवसाचे पैसे हातात पडले, विषय संपला. गाणं पुढे सत्तर वर्षं वाजलं तरी.

आज कुठल्या गाण्यात चिक यांचा वाटा नेमका किती, हे मोजणं त्यामुळेच कठीण झालंय.

चिक हे फक्त सहाय्यक होते असंही नाही. 1951 च्याच 'नादान'चं संगीत त्यांचं स्वतःचं. देव आनंद आणि मधुबालाचा हा सिनेमा. त्यातलं तलत महमूद यांनी गायलेलं 'आ तेरी तस्वीर' ऐका. ट्रम्पेटवाल्याची चाल म्हणून तुम्ही दणदणाटाची वाट बघाल आणि कानावर येईल एकदम हळुवार गाणं. 'रंगीली', 'कर भला' हे सिनेमेही त्यांच्या नावावर आहेत. पण संगीतकार म्हणून गाडी फार पुढे गेली नाही. 1967 मध्ये, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी ते गेले.

त्यांना बघायचं असेल तर दोन व्हिडिओ शोधा. पहिला 'अलबेला'मधल्या 'दीवाना परवाना'चा, त्यात झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला जो बँड दिसतो तो चिक यांचाच. दुसरा 1966 च्या 'आखरी खत'मधल्या 'रुत जवां जवां'चा. राजेश खन्नाचा पहिला सिनेमा, संगीत खय्याम यांचं. क्लबमध्ये तरुण भूपिंदर सिंग गातोय. त्याच बँडमध्ये ट्रम्पेट ओठाला लावलेला माणूस दिसला, की ओळखा, ते चिक चॉकलेट.