दुकानात मोबाईल काढला की वाद का होतो? व्हिडीओ काढताना काय चालतं, काय नाही

नरपड (ता. डहाणू) : चिकूच्या बागेत अळी दिसली म्हणून शेतकरी बाजारात औषध घ्यायला जातो. दुकानदार नेहमीचं औषध संपलं म्हणून दुसरीच बाटली पुढे ठेवतो. शेतकरी खिशातून मोबाईल काढतो आणि बाटलीचा फोटो घेतो. त्याला तो कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना दाखवायचा असतो. पण काउंटरवरच्या पोराला वाटतं, हा तक्रार करणार.

"ओ दादा, शूटिंग कसली करताय?"

"शूटिंग कुठे, नाव वाचता येत नाही म्हणून फोटो घेतला."

"आधी डिलीट करा, शेठ ओरडतील."

दोन मिनिटांत आवाज चढतो, चार माणसं जमतात. आणि मग खरोखरच कोणीतरी व्हिडीओ काढतं. असा प्रकार डहाणू, तलासरीच्या बाजारात कोणालाही नवा नाही. बऱ्याचदा दोघांपैकी कोणाचीच चूक नसते. एकाच्या मनात काय आहे ते दुसऱ्याला कळलेलं नसतं, एवढंच.

गिऱ्हाईक मोबाईल का काढतं?

कारणं साधी असतात. घरी फोटो पाठवून "हेच तेल ना?" असं विचारायचं असतं. सासूला व्हिडीओ कॉलवर साडी दाखवायची असते. यादी मोबाईलमध्ये असते. शनिवार-रविवारी बोर्डी रस्त्याला येणारे पर्यटक चिकू चिप्सच्या दुकानात आठवण म्हणून व्हिडीओ काढतात. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बाहेरच्यांना या मालाचं अप्रूप आहेच.

दुकानदार का बिचकतो?

त्याचीही बाजू आहे. शेजारचा दुकानदार भाव काढायला माणूस पाठवतो, अशी त्याला शंका असते. अर्धवट व्हिडीओ गावच्या ग्रुपवर फिरला की धंदा बसतो. काउंटरवर काम करणाऱ्या मुलीला आपला चेहरा कोणाच्या रीलमध्ये यायला नको असतो. गल्ला, उधारीची वही, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाईलवरचा पिन हेही कॅमेऱ्यात येऊ शकतं.

यावर गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा सीसीटीव्ही आमचा चेहरा घेतो, मग आम्ही का नाही?" प्रश्न बरोबर आहे. पण दुकानाचा कॅमेरा चोरीसाठी असतो, ते चित्रण गावभर पाठवायला नसतं. दुकानदारानेही तसं केलं तर ते चूकच.

कायदा काय म्हणतो?

दुकानात फोटो काढला म्हणजे गुन्हा झाला, असा सरसकट कायदा नाही. पण दुकान ही खासगी जागा आहे. मालकाने "इथे शूटिंग नको" म्हटलं तर थांबावं, "बाहेर जा" म्हटलं तर जावं. मात्र मोबाईल हिसकावण्याचा, जबरदस्तीने फोटो पुसायला लावण्याचा किंवा माणसाला दुकानात अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला किंवा नोकराला नाही. फोटो पुसण्याची विनंती करता येते, सक्ती नाही.

काही ठिकाणी मात्र कॅमेरा अजिबात चालत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत बाईमाणसाचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. कोणाच्याही खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा नियम दुकानदारालाही लागू आहे. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्याच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना एका कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याचं दिसलं. पोलिसांत तक्रार झाली. तो छुपा नव्हे, देखरेखीचा कॅमेरा होता, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणून आपला कॅमेरा कुठे वळलाय ते दुकानदारांनी आजच बघून घ्यावं.

काढलेला व्हिडीओ "हा चोर आहे" असं लिहून पसरवला आणि ते खोटं निघालं, तर कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो. नुसता फोटो काढण्यापेक्षा तो पुढे पाठवणं जास्त अंगाशी येतं.

सरकारी जागेबाबतही गैरसमज आहेत. पोलीस ठाण्यात व्हिडीओ काढला म्हणून वर्ध्यात एकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणे त्या कायद्यातल्या 'प्रतिबंधित ठिकाणां'त येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

रेशन आणि खताच्या दुकानात

इथे खरा पोटाचा प्रश्न असतो. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. किती धान्य मिळणार, साठा किती, दुकानाची वेळ काय, तक्रार कुठे करायची, हे फलकावर लिहिणं दुकानदारावर बंधनकारक आहे.

खताच्या दुकानातही साठा आणि भाव यांचा फलक लावावा लागतो आणि पावती द्यावी लागते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचा भाव २६६ रुपये ५० पैसे आहे. त्याच्यासोबत दुसरं औषध घ्याच, अशी सक्ती करता येत नाही.

फलक लोकांनी वाचण्यासाठीच असतो, त्यामुळे त्याचा फोटो घ्यायला कोणी हरकत घेण्याचं कारण नाही. रेशनच्या मशीनमधून निघालेली पावती तर आपलीच. व्हिडीओवरून भांडण्यापेक्षा फलक, पावती आणि वजनकाट्यावरचा आकडा, एवढे तीन फोटो तक्रारीला जास्त कामाला येतात. मात्र दुसऱ्याचं रेशनकार्ड किंवा आधार नंबर फोटोत येऊ देऊ नका.

रेशनची तक्रार १९६७ वर, इतर दुकानांची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. हाणामारीची वेळ आली तर ११२. पुरावा म्हणून ठेवलेली मूळ फाईल मोबाईलमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दबून बारीक होतो, म्हणून पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

एका वाक्याचं काम

गिऱ्हाइकाने मोबाईल काढण्याआधी एवढंच म्हणावं, "शेठ, घरी दाखवायला फोटो घेऊ का?" बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. माणसं फोटोत येणार असतील तर त्यांनाही विचारावं, आणि लहान मुलं असतील तर त्यांच्या आईबापाला.

दुकानदाराला शूटिंग नको असेल तर तशी मराठीत मोठ्या अक्षरांत पाटी दाराशीच लावावी, आणि नोकरांना शिकवावं की आधी ओरडायचं नाही. "ताई, कशासाठी फोटो घेताय, मी काही मदत करू का?" असं विचारलं की निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेले निम्मे खऱ्या तक्रारीचे असतात. ते मोबाईल हिसकावून मिटत नाहीत. त्याला पावती द्यावी लागते आणि वजन बरोबर करावं लागतं.

आठवडी बाजार पुन्हा भरणार आहे. गिऱ्हाईक तेच आणि दुकानदारही तोच असतो. गावात रोज एकमेकांचं तोंड बघायचं असतं, एवढं दोघांनीही लक्षात ठेवलेलं बरं.