बिलाच्या नावाने येणारं अ‍ॅप

संध्याकाळची वेळ, कुकर गॅसवर, आणि फोनवर मेसेज येतो की मागचं बिल थकलंय, आज रात्री गॅसचं कनेक्शन तोडलं जाईल. दिल्ली, नोएडा, गाझियाबादमध्ये पाइपचा गॅस घरोघरी आहे, त्यामुळे पोटात गोळा येतोच. मेसेजसोबत एक फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. कधी हीच फाइल वाहतुकीच्या चलनाच्या नावाने येते, तर कधी लग्नपत्रिका म्हणून!

एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची मूळ फाइल. ती गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरूनही फोनमध्ये घालता येते आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. 1 मार्च 2024ला शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून काढली, तेव्हा नोएडाच्या कंपनीचं ‘नोकरी’ही काही काळ तिथे दिसेनासं झालं होतं. ही बाहेरची वाट गूगलने अडवू नये, असं दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022च्या आदेशात म्हटलं आणि 1,337.76 कोटी रुपयांचा दंडही केला. पुढे मार्च 2023मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण ही सूचना रद्द केली.

म्हणजे वाट वाईट नाही. प्रश्न आहे तो फाइल कुणी पाठवली याचा. कंपनीच्या वेबसाइटवर तुम्ही स्वतः जाऊन अ‍ॅप घेणं वेगळं आणि अनोळखी नंबरने ते तुमच्या हातात कोंबणं वेगळं. बिल भरायला नवं अ‍ॅप लागतंच कशाला?

असं अ‍ॅप उघडलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी भामट्याला दिसतो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी तर त्याहून घातक. ती खरं म्हणजे दृष्टिहीनांच्या सोयीसाठी आहे, पण तिच्या जोरावर अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, बटणंही दाबू शकतं. फोनवर गोड बोलणारा माणूस ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ म्हणाला, तर तिथेच फोन ठेवा. ते बंद करायला सांगणारा बिलवाला नसतो.

आई-बाबांचा फोन आजच हातात घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप्स इन्स्टॉल करणे’ असा पर्याय शोधा. अँड्रॉइड 8पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझरसमोर ती चालू असेल तर बंद करा.

चुकून असं अ‍ॅप घातलंच गेलं, तर फोनचं इंटरनेट तोडा, म्हणजे एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवायला सांगा. मग 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. इथे वेळ दवडू नका, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. घरच्यांवर ओरडणं नंतर! मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. हे अ‍ॅप बऱ्याचदा आपलं चिन्ह लपवतं, म्हणून ते सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत शोधून काढून टाका. निघत नसेल तर आधी त्याचा ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’चा अधिकार काढा. तरीही शंका उरली, तर फोटो दुसरीकडे साठवून फोन फॅक्टरी रीसेट करा आणि बँकेचे पासवर्ड त्यानंतरच बदला.