एकाहून अधिक कुत्रे असलेल्या घरातील प्रशिक्षण

एकाच घरात दोन किंवा अधिक कुत्रे राहत असताना त्यांना आज्ञापालन आणि परस्परांशी सुरक्षित वागणे शिकवण्याच्या पद्धतीला एकाहून अधिक कुत्रे असलेल्या घरातील प्रशिक्षण असे म्हणतात. प्रत्येक कुत्र्याला आधी स्वतंत्रपणे आणि नंतर इतरांच्या सान्निध्यात शिकवणे हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

हे प्रशिक्षण प्रामुख्याने साधक अभिसंधानावर आधारलेले आहे. ज्या वर्तनानंतर लगेच बक्षीस मिळते ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. अनेक कुत्र्यांना एकाच वेळी आज्ञा दिल्यास कोणत्या कुत्र्याला कशाबद्दल खाऊ मिळाला हे अस्पष्ट राहते. न बसलेल्या कुत्र्यालाही खाऊ मिळाला, तर न बसणेच दृढ होते.

व्हिएन्ना विद्यापीठातील फ्रीडरिके रांगे व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेजारच्या कुत्र्याला खाऊ मिळतो पण आपल्याला मिळत नाही अशा स्थितीत कुत्र्यांनी पंजा देणे लवकर थांबवले. मात्र एकाला पाव आणि दुसऱ्याला सॉसेज दिल्याने तसा फरक पडला नाही.

पद्धत

प्रत्येक कुत्र्याला प्रथम त्याचे नाव शिकवतात. त्यानंतर ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ आणि ‘सोड’ या आज्ञांचा सराव वेगळ्या खोलीत, काही मिनिटांच्या सत्रांत घेतला जातो. आज्ञा पक्क्या झाल्यावर दुसरा कुत्रा पट्ट्याला बांधून दूर ठेवतात आणि अंतर हळूहळू कमी करतात. एकत्रित सरावात आज्ञेपूर्वी नाव उच्चारले जाते. आपली पाळी येईपर्यंत शांत राहणाऱ्या कुत्र्यालाही खाऊ दिला जातो. कारण थांबणे हेदेखील शिकवावे लागणारे वर्तन आहे.

संघर्षाचे व्यवस्थापन

अन्न, हाड, खेळणी, झोपण्याची जागा आणि मालकाचे लक्ष ही भांडणाची नेहमीची कारणे होत. त्यामुळे जेवणाची भांडी दूर अंतरावर किंवा वेगळ्या खोल्यांत ठेवतात. अंग ताठरणे, नजर रोखणे आणि गुरगुरणे हे चावण्यापूर्वीचे इशारे असतात. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केल्यास इशारा नाहीसा होऊ शकतो, भीती मात्र राहते. असा कुत्रा पूर्वसूचनेशिवाय चावण्याचा धोका असतो. भांडण सुरू झाल्यास मध्ये हात घालणे धोकादायक ठरते.

वर्चस्वाची संकल्पना

मालकाने ‘कळपप्रमुख’ व्हावे, हा सल्ला बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून रूढ झाला. रुडॉल्फ शेंकेल यांचा 1947 मधील अभ्यास अशाच लांडग्यांवर होता. डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये दाखवून दिले की, निसर्गातील लांडग्यांचा कळप सहसा आई-वडील व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असतो. अमेरिकेतील पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2008 मध्ये वर्चस्वावर आधारित शिक्षेबाबत सावधगिरीची भूमिका मांडली. कुत्र्यांमध्ये अचानक आक्रमकता दिसल्यास वेदना किंवा आजार हे कारण असू शकते. म्हणून प्रशिक्षणापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक मानली जाते.