खुडूक कोंबडी, दोन बल्ब आणि एक ‘टक्’

आज सांगणार आहे ते एका पेटीबद्दल. अंडी उबवायच्या पेटीबद्दल. ती आम्ही स्वतः कशी जोडली आणि कुठे जोडली, ते सांगते.

आधी थोडं मागचं. आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून एक तयार उबवणी यंत्र विकत आणलं होतं. गावरान पिल्लांना मागणी आहे, कोंबडी खुडूक व्हायची वाट बघायला नको, असा हिशेब. चौघींनी घरची अंडी दिली. एकीने तर खुडूक कोंबडीखालची अंडी काढून दिली. दिवाळीआधी पिल्लं विकून बाजार भरायचा तिचा बेत होता. सोळाव्या रात्री पेटीतले बल्ब लागले ते विझलेच नाहीत. सकाळी आकडा ४१ च्या वर. एकही पिल्लू निघालं नाही. विकणाऱ्याचा माणूस येईपर्यंत आठवडा उलटला, आणि आल्यावर म्हणाला, “ताई, उघडून बघितलं असेल तर गॅरंटी गेली.” आम्ही तर हातही लावला नव्हता. भीतीच वाटत होती.

ती पेटी आम्ही टेम्पोत घालून तालुक्याच्या गावी नेली. तिथे एका जुन्या गोदामात काही मुलं-मुली मिळून एक जागा चालवतात. लांब टेबलं, भिंतीवर पक्कड-पाने टांगलेले, डब्याडब्यांत वायरी आणि सुटे भाग. कुणीही यावं, हत्यारं वापरावीत, वस्तू बनवावी. अशा जागेला हॅकरस्पेस म्हणतात. हॅकर म्हटलं की आपल्याला बँकेतले पैसे पळवणारा आठवतो. पण हा शब्द अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रुजला तो आगगाडीची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबात. वस्तू उघडून, समजून घेऊन आपल्या सोयीने बदलणारा तो हॅकर. जुन्या साडीची गोधडी करणारी बाई याहून वेगळं काय करते?

हे शहराचं, परदेशाचं खूळ वाटत असेल तर पाबळचं सांगते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं, हा त्यांचा विचार. पुढे २००२ च्या सुमारास एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कार्यशाळांपैकी एक. म्हणजे हे वारं आपल्या कोरडवाहू गावांत येऊन वीस वर्षं उलटली. आपणच खिडकी उघडली नव्हती.

तर टेबलावर पेटी ठेवली. तिथला मुलगा आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आक्कांना म्हणाला, “आक्का, तुम्हीच उघडा.” आक्का म्हणाल्या, “शॉक बसला तर?” त्याने प्लग काढून त्यांच्याच हातात दिला. “आता कुठून बसेल?” मग आक्कांनी चार स्क्रू काढले. आत काय? डोळे फाटावेत असं काहीच नव्हतं. दोन बल्ब, एक पंखा, एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काडेपेटीएवढी निळी डबी.

त्या निळ्या डबीला रिले म्हणतात. आत तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून थोडा प्रवाह गेला की त्याचं लोहचुंबक होतं, ते एक पातळ पत्ती ओढतं आणि ‘टक्’ असा आवाज होऊन बल्बचा मोठा प्रवाह जोडला जातो. प्रवाह थांबला की पत्ती मागे येते, बल्ब बंद. आमच्या पेटीत ती पत्ती ठिणगीने वितळून चिकटून बसली होती. मुलाने मल्टिमीटरच्या दोन सुया लावायला सांगितल्या. वाट जोडलेली असेल तर मीटर ‘पीं’ वाजतो. प्लग काढलेला, सगळं बंद, तरी मीटर वाजतच होता. सव्वाशे अंडी गेली ती त्या एका चिकटलेल्या पत्तीपायी. खरं सांगते, मला राग येण्याआधी हलकं वाटलं. तोवर बायका एकमेकींना विचारत होत्या, पेटीला कुणाची नजर लागली, कुणी दार उघडं ठेवलं. एकीवर आळही आला होता.

मग ठरलं, नवी पेटी आपण जोडायची. चार शनिवार गेलो.

कोंबडी काय करते, तिथून सुरुवात केली. ती ऊब देते, अंडी फिरवते आणि अंगाचा ओलावा देते. पंखा असलेल्या पेटीत साधारण ३७.५ अंश लागतात, २१ दिवस. उष्णता मोजायला मण्याएवढा एक भाग असतो, थर्मिस्टर. गरम झाला की त्याची वीज अडवायची ताकद कमी होते. पट्टी तो फरक ओळखते आणि रिलेला हुकूम देते. ही तयार पट्टी शे-दीडशे रुपयांत मिळते. पण तिच्यात एक गोम आहे. बल्ब बंद व्हायचा आकडा आणि पुन्हा लागायचा आकडा यांत तिने दोन अंशांचं अंतर ठेवलेलं असतं. दोन अंश अंड्याला फार झाले. बटण दाबून आम्ही ते पाव-अर्ध्या अंशावर आणलं. आणि पट्टी खरं सांगते का, हे तपासायला आशाताईंचा ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवला. तो ३५ ते ४२ मधलंच मोजतो, आपल्याला तेवढंच हवं.

आता चिकटलेल्या पत्तीचं काय? यावर मुलीने सांगितलेली युक्ती मला सगळ्यांत आवडली. एका पाइपावर दोन नळ एकामागे एक बसवा. पहिला बिघडून उघडाच राहिला तरी दुसरा बंद केला की पाणी थांबतं. तसंच बल्बच्या वायरीवर एकामागे एक दोन पट्ट्या. पहिली ३७.५ सांभाळते. दुसरी एरवी गप्प बसते, ३८.३ झाले की वाट तोडते आणि भोंगा वाजवते. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, जास्त उष्णता सोसत नाहीत. म्हणून आधी उष्णतेवर लगाम. लाइट गेली तर थर्माकोलची पेटी काही वेळ ऊब धरून ठेवते, वरून गोधडी टाकायची. मात्र हवेची भोकं मोकळी ठेवायची.

बल्ब साधे, तारेचे घ्यायचे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. ते आता दुकानात शोधावे लागतात. दोन लावायचे; एक उडाला तर दुसरा असतो.

अंडी फिरवायचं काम हा आमचा रोबोट. हसू नका. रोबोट म्हणजे माणसासारखा चालणारा पुतळाच असं नाही. ज्याला कळतं, जो ठरवतो आणि ज्याचं अंग हलतं तो रोबोट. अंडं एका जागी राहिलं तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून ट्रे दर दोन तासांनी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवायचा. त्यासाठी अर्डुइनो नावाची पट्टी वापरली. ती २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिचा नकाशा सगळ्यांना खुला आहे, म्हणून स्वस्त मिळते. तिला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात सांगावी लागते. दोन तास म्हणजे किती? आमच्या हिशेबनीस ताईंनी वहीवर मांडलं: ७२ लाख. ते लिहिलं, तर ट्रे हलेचना. संगणकात आकडे ठेवायचे डबे असतात आणि आम्ही निवडलेल्या छोट्या डब्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. मोठा डबा सांगितला, ट्रे हलला. पण पहिल्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते अंड्यांच्या वजनाने झिजले. मग हळू फिरणारी दणकट मोटर घेतली आणि दोन्ही टोकांना थांबा सांगणारी बटणं बसवली. शेवटचे तीन दिवस ट्रे फिरवायचा नाही, तेव्हा मोटर बंद.

जोडकाम सोल्डरने करतात, भांड्याला डाख लावतात तसंच. तार आणि टोक दोन्ही आधी तापवायचं, मग कथील लावायचं. नुसता थेंब वर टाकला तर वरून चकचकीत, आतून सुटा. माझे पहिले सहा सांधे असेच निघाले. त्या कथलात बहुधा शिसं असतं. धूर तोंडावर घेऊ नका, हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या टेबलापासून लांबच राहावं. आणि बल्बची बाजू २३० व्होल्टची असते. तिथे आम्ही स्वतः हात घातला नाही. वायरमनकडून अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवून घेतला, मगच प्लग लावला.

पहिल्या खेपेला आम्ही फक्त चाळीस अंडी ठेवली. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीसमोर धरून पाहिली, लाल शिरा दिसल्या ती ठेवली. बाराव्या रात्री अडीच वाजता भोंगा वाजला. जिच्या घरी पेटी होती, तिचा फोन आला. मी म्हटलं, येते. ती म्हणाली, “नको येऊ. पंख्याची वायर निसटली होती म्हणून एकीकडे तापत होतं. दुसऱ्या पट्टीने बल्ब तोडले. प्लग काढून बसवली वायर. आता ३७.४ आहे.” मी पुन्हा झोपले.

एकविसाव्या दिवशी सकाळी पिल्लांची चिवचिव सुरू झाली. सत्तावीस निघाली. जिने खुडूक कोंबडीखालची अंडी दिली होती, तिला गटाने त्यातली दहा दिली, आधीच्या नुकसानीपोटी. जिच्यावर आळ आला होता, तिच्या घरी आता पेटी असते.

जुनी पेटीही आम्ही ठेवली आहे. रिले बदलला, दुसरी पट्टी बसवायची आहे. येत्या शनिवारी जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी घरातलं बंद पडलेलं मिक्सर, रेडिओ, चार्जर, जे असेल ते पिशवीत घालून आणा. एसटी साडेनऊला आहे.